नऊ नंबरचा फोटो

ही गोष्ट २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि पुढच्या एप्रिलच्या अखेरीस संपली. साल नक्की लक्षात आहे, कारण त्याच उन्हाळ्यात आमच्या ब्रॉसार्ड उपनगरातून मॉन्ट्रियलला जाणारी आरईएम ही नवी मेट्रोगाडी सुरू झाली होती आणि आम्ही दोघं नवरा-बायको तिच्यात पहिल्यांदा बसलो ते कॅमेरा आणायला.

त्याच उन्हाळ्यात कॅथरिन नावाची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आमच्यापासून चार रस्ते पलीकडच्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला आली होती. आपण कुठे आहोत हे सस्काटूनमधल्या आपल्या नवऱ्याला कळू नये, एवढंच तिला हवं होतं. तो हात उचलायचा. त्याला पत्ता न कळवण्याची परवानगी कोर्टानं तिला दिली होती. मुलीची शाळा तरी एका जागी, शांतपणे पुरी व्हावी म्हणून जिथे कुणीच ओळखीचं नाही असं गाव तिनं शोधून काढलं होतं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर, असं आमच्या घरात अजून कुणीतरी म्हणतं आणि दुसरं कुणीतरी उठून आत जातं.

आमची नात ऊर्मी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तिची शाळेच्या व्हॉलीबॉल टीममध्ये निवड झाली होती. आमचे हे, म्हणजे विलास, त्या आनंदात पहिल्याच मॅचला फोन घेऊन बसले आणि ढीगभर फोटो काढून आले. रात्री जेवणानंतर टीव्हीवर लावून बघितले, तर सगळीकडे पिवळट भुतं.

"यातली मी कुठली?" ऊर्मीनं विचारलं.

"ही काय. उडी मारतेयस."

"आबा, दॅट्स द रेफरी."

परीक्षित, आमचा मुलगा, हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. सून सलोनीही हसली. हे हसले नाहीत. मला त्याचं कारण माहीत होतं.

नागपूरला अजनीच्या रेल्वे कॉलनीत हे वाढले. तिथल्या मैदानावर रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल चाले आणि ह्यांचा मित्र बाळ त्यातला सगळ्यात उंच उडणारा. ह्यांच्याकडे काकांनी दिलेला एक डबा कॅमेरा होता. एका रोलमध्ये मोजके फोटो, म्हणून ते जपून वापरायचे. कॉलेजांच्या सामन्यात बाळनं मारलेल्या एका फटक्याचा फोटो ह्यांनी काढला. धुवून आला तेव्हा त्यात जाळी स्वच्छ होती, मागचं कडुनिंबाचं झाड स्वच्छ होतं, आणि बाळच्या जागी पांढरा फराटा होता. पुढे बाळ ऐन पंचविशीत काविळीनं गेला. त्याच्या आईकडे त्याचा खेळतानाचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून तिनं तो फराटाच चौकटीत घालून भिंतीवर लावला. आम्ही लग्नानंतर त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा मी तो पाहिलाय. हे त्या भिंतीकडे पाठ करून बसले होते.

तर ह्यांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. विमानाचे भाग करणाऱ्या कंपनीत उभा जन्म गेलेला माणूस, साधा टोस्टर घेताना महिनाभर अभ्यास करणारा. बेसमेंटमधल्या संगणकापुढे बसून ते रोज काहीतरी वाचत आणि वर येऊन मला समजावत. मी कणीक मळत असायची.

"हे बघ, जिममध्ये उजेड कमी. मुली पळतायत, उडतायत. त्यांना जागच्या जागी गोठवायचं तर कॅमेऱ्याची झडप क्षणभरच उघडली पाहिजे. क्षणभरच उघडली तर उजेड कमी येणार. मग काय करायचं?"

"फ्लॅश मारायचा."

"फ्लॅशला बंदी आहे. पोरींचे डोळे दिपतात. मग लेन्सचं तोंड मोठं हवं. विहिरीला पाणी कमी असेल तर पोहऱ्याचं तोंड मोठं हवं, तसं."

"पोहरा कितीही मोठा असो, पाणी कमीच येणार," मी म्हटलं. ते चिडून खाली गेले.

दुकान मॉन्ट्रियलच्या मध्यवस्तीत होतं. काउंटरवरचा मुलगा "बोंजूर, हाय" म्हणाला आणि ह्यांनी खिशातून प्रश्न काढले. मी एका स्टुलावर बसले. त्या मुलानं आधी एक हलकी, लांबचं जवळ आणणारी लेन्स दाखवली. हातात धरायला सोपी, म्हाताऱ्या मनगटाला बरी. पण तिचं तोंड लहान, आणि लांबचं बघायला गेलं की ते आणखी लहान होई. दुसरी होती ती एखाद्या थर्मासएवढी जाड आणि जड. तिला सत्तर-दोनशे म्हणतात. कोर्टाच्या या टोकाला बसून त्या टोकाचा चेहरा जवळ आणते आणि तिचं तोंड शेवटपर्यंत तितकंच मोठं राहतं. तिसरी छोटी होती, पंच्याऐंशीची. मोठ्या तोंडाची, हलकी, पण जवळ-लांब काही करता न येणारी. आपणच उठून जवळ जायचं.

"दुकानात मागे अंधारी जागा आहे का?" ह्यांनी विचारलं.

मागे खोक्यांची खोली होती. तिथे त्यांनी त्या विक्रेत्याला उडी मारायला सांगितलं. आधी मलाच सांगणार होते, पण मी डोळे वटारले. तो मुलगा हसत हसत उड्या मारत राहिला आणि हे एकेक लेन्स लावून फोटो काढत राहिले. हलक्या लेन्समध्ये त्याचं डोकं दुधात पडल्यासारखं दिसलं. जाड लेन्समध्ये त्याच्या दाढीत अडकलेला क्रोसाँचा कण दिसला.

"हीच," हे म्हणाले.

"मनगट मोडेल," मी म्हटलं.

"खाली एका पायाचा स्टँड लावू. सुरेखा, चेहरा ओळखू आला पाहिजे. नाहीतर घ्यायचा कशाला?"

कॅमेरा त्यांनी कुणीतरी वापरलेला, पण भराभर फोटो काढणारा घेतला. कॅमेरा जुना चालतो, लेन्स चांगली हवी, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. जाड लेन्स घेतली आणि जाळीजवळ बसायला मिळालं तर असू दे, म्हणून छोटीही घेतली. परतीच्या गाडीत पुलावरून नदी ओलांडताना ती पिशवी त्यांनी तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरली होती.

पुढच्या मॅचला ते अर्धा तास आधी जाऊन बसले. टीमची कोच जोसियान, उंच, शिट्टी गळ्यात घातलेली. तिनं कॅमेरा बघितला, कौतुक केलं आणि मग खाली वाकून हळूच म्हणाली, "मस्यू विलास, एक गोष्ट. नऊ नंबरचे फोटो नाहीत. आईची परवानगी नाही. बाकी सगळ्यांचे काढा."

"का बरं?"

"नाही म्हणजे नाही," ती म्हणाली आणि शिट्टी वाजवत गेली.

आता पंचाईत अशी, की नऊ नंबरची मुलगी सेटर होती. म्हणजे चेंडू हलकेच वर उचलून देणारी. नागपुरात तिला लिफ्टर म्हणत. ऊर्मी फटका मारणारी. ऊर्मी उडाली की तिच्या हातभर अंतरावर नऊ नंबर असणारच. हे घरी येऊन फोटो कापत बसले. कापता कापता ऊर्मीचा कोपरही जायचा.

मग त्यांना एक युक्ती सापडली. त्या मोठ्या तोंडाच्या लेन्सचा गुण असा, की जिच्यावर नेम धरला तीच स्वच्छ येते, तिच्या पुढचे-मागचे सगळे विरघळतात. नेम कायम ऊर्मीवर ठेवायचा आणि जागा अशी निवडायची, की नऊ नंबर तिच्या मागे पडेल. कधी कोपऱ्यात बसायचे, कधी जाळीच्या रेषेत छोटी लेन्स घेऊन मांडी घालून बसायचे. हिवाळाभर त्यांनी ते सांभाळलं. नऊ नंबर प्रत्येक फोटोत होती आणि एकाही फोटोत नव्हती. ते मला दाखवून म्हणायचे, "बघ, कसं जमवलं." शब्द पाळल्याचा अभिमान होता त्यांना, आणि तो खरा होता, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे.

डिसेंबरात एका मॅचला नऊ नंबरची मुलगी चेंडूमागे धावताना बाकावर आपटली, आणि आमच्या मागच्या पायरीवरून आवाज आला, "अगो बाय, पडली!"

आम्ही दोघंही गर्रकन वळलो. सावळी, बारीक, जाड कोटातली बाई तोंडावर हात ठेवून उभी होती.

"तुम्ही मराठी?" हे जवळजवळ ओरडलेच.

ती घाबरली. मग नाइलाजानं हसली. "आम्ही वसईचे, अंकल. मी कॅथरिन. ती माझी फियोना."

फियोना! हे नाव आम्ही महिनोन्‌महिने ऐकत होतो आणि तिला पोर्तुगीज किंवा अशीच कुठली समजत होतो. मला तर ऊर्मीच्या मैत्रिणीची आई मराठी बोलते याचंच अप्रूप वाटलं. आम्ही १९७६ साली मॉन्ट्रियलला आलो तेव्हा रस्त्यात मराठी शब्द ऐकू आला तर आम्ही त्या माणसाला जेवायलाच घेऊन यायचो. ती सवय जात नाही. मी तिला घरी बोलावलं, तर म्हणाली, "येईन आँटी, नक्की येईन." आली नाही. ह्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीचं आमंत्रण दिलं, तर ती पटकन म्हणाली, "आम्ही कुठे जात नाही, अंकल. गार्दरीत काम करते ना, लहान पोरांत. थकायला होतं. आणि आमचं नाव तिथे नका सांगू, उगाच फोन येतात."

"बुजरी आहे," हे घरी म्हणाले.

सलोनी ताट वाढत होती. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि कॅथरिन तिथूनच औषधं घ्यायची. सलोनी म्हणाली, "बाबा, तिला बोलवायचा आग्रह नका करू. तिला एकटं राहायचंय."

"का?"

"मला गिऱ्हाइकांचं काही सांगता येत नाही. तुम्हाला माहितीये."

पण कॅथरिन मॅचला आमच्याजवळ बसू लागली. जानेवारीत तिनं मला वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणून दिली, केळीच्या सोपटात बांधलेली. ह्यांच्याशी ती थट्टाही करायची. "अंकल, एवढी मोठी तोफ लावलीत, मग माझ्या पोरीला का मारत नाही?" असं म्हणायची आणि लगेच गंभीर होऊन म्हणायची, "नका हं मारू. थँक्यू."

मार्चमध्ये विभागाची अंतिम मॅच झाली. शेवटचा गुण फियोनानं उचललेल्या आणि ऊर्मीनं मारलेल्या चेंडूवर आला. चेंडू पडला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तोंडं आमच्याकडे, दोघींचे गाल एकाच रेषेत. ह्यांचं बोट दाबलेलंच होतं. त्या फोटोत पुढेमागे कुणी नव्हतंच, विरघळायला. दोघीही लख्ख आल्या, जर्सीवरच्या शाळेच्या नावासकट. फियोनाच्या पापणीवरचा घामाचा थेंबसुद्धा दिसत होता. मी तो पाहिला तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"काढून टाकतो असं म्हण," ऊर्मी म्हणाली. "आबा, यू प्रॉमिस्ड कोच."

"काढतो, काढतो," ते म्हणाले. पण काढला नाही.

त्याच आठवड्यात दीनानाथचा फोन आला. दीनानाथ म्हणजे आमच्या मंडळाच्या गुढीपाडवा अंकाचे संपादक, स्वभावानं उतावळे. "विलासराव, तरुण पिढीचं काही द्या हो. दरवर्षी म्हाताऱ्यांच्या कविता छापून लोक कंटाळलेत."

"माझ्याकडे एक फोटो आहे," हे म्हणाले. "दोन मराठी मुली. एक नागपूरची, एक वसईची. फ्रेंच शाळेत, एका टीममध्ये."

"अहो, मुखपृष्ठ झालं की!"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, कॅथरिनला विचारलंत का?"

"तिची अडचण फेसबुकची असणार. परके लोक, वाटेल तिथे फोटो जातात. हा आपल्या मंडळाचा अंक. आपल्याच लोकांत तर जातोय."

"तरी विचारा."

"चांगल्या बातमीची परवानगी काय मागायची? छापून आला की हातात ठेवू. बघ कशी खूश होते."

पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या इथे खग्रास ग्रहण होतं. शाळा बंद होत्या, सगळं ब्रॉसार्ड काळे चष्मे लावून रस्त्यावर उभं होतं. दुसऱ्या दिवशी मी गुढी उभारली, आणि संध्याकाळी हे अंकाच्या दोन प्रती घेऊन शाळेच्या सरावाला गेले. मीही गेले. मला कॅथरिनचा चेहरा बघायचा होता.

तिनं अंक हातात घेतला. मुखपृष्ठ बघितलं. खाली लिहिलं होतं: 'ब्रॉसार्डच्या विजयी मराठी कन्या ऊर्मी आणि फियोना. छायाचित्र: विलास.' तिनं बोटानं फियोनाचा चेहरा झाकला. बोट उचललंच नाही.

"आवडला नाही?" ह्यांनी विचारलं.

"अंकल, हा कुठे कुठे जातो?"

"सगळीकडे!" हे उत्साहानं म्हणाले. "छापील इथे वाटतात, पण पीडीएफ सगळ्या कॅनडात. टोरांटो, कॅलगरी, व्हॅन्कूव्हर. जिथे जिथे आपली माणसं, तिथे तिथे."

"सस्काटून?"

"तिथेही असतील की चार घरं."

तिनं अंकाची नीट घडी घातली आणि तो ह्यांच्या हातात परत दिला. मग ती मैदानाच्या कडेनं चालत गेली आणि सराव चालू असतानाच फियोनाला कोट घालायला लावून बाहेर घेऊन गेली. जोसियाननं आमच्याकडे बघितलं. ह्यांनी अंक पाठीमागे लपवला, शाळेतल्या पोरासारखा.

त्या रात्री सलोनीनं ते सांगितलं. कॅथरिननं स्वतः फोन करून तिला मोकळीक दिली होती. सस्काटून, नवरा, कोर्ट, सगळं. परीक्षित डोक्याला हात लावून बसला.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" हे सलोनीवर उसळले. "घरातल्या माणसाला सांगता येत नाही? मी काय दवंडी पिटली असती?"

"बाबा, तुम्हाला नको म्हटलं होतं ना?"

"नको म्हटलं होतं, पण का ते..."

"का कशाला हवं होतं? नको पुरेसं नव्हतं?"

सासऱ्यांशी ती असं कधीच बोलली नव्हती. ते ताटावरून उठले. श्रीखंडाची वाटी तशीच राहिली.

मग सुरू झाली धावाधाव. दीनानाथांनी अंक संकेतस्थळावरून काढला, फोनवर रडकुंडीला आले. पण तोवर तो व्हॉट्सॅपवरून कुठे कुठे गेला होता. माझ्या नागपूरच्या बहिणीनंच मला तो पाठवला, खाली सात अभिनंदनांसकट. ह्यांना वाटलं, आपण सस्काटूनच्या मराठी लोकांना एकेकाला फोन करून तो पुसायला सांगावा. मी फोन हातातून काढून घेतला. "ज्यानं पाहिला नाही, तोही आता शोधून बघेल," मी म्हटलं. ते खुर्चीत बसले.

पुढचे दिवस शांततेत गेले, आणि ती शांतताच वाईट होती. कॅथरिननं वकिलाला आणि पोलिसांना कळवून ठेवलं. फियोना शाळेत येई ती जोसियानच्या गाडीतून. हे कॅथरिनच्या दाराशी दोनदा गेले. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा तिनं साखळी लावूनच उघडलं.

"माफी मागायला आलोय," हे म्हणाले.

"तुम्ही वाईट नाही, अंकल. ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण त्यानं मला काय फायदा?"

हे त्यांनी मला घरी येऊन शब्दश: सांगितलं आणि पुन्हा कधी उच्चारलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस वर्षातली शेवटची स्पर्धा होती. काहीच घडलं नव्हतं, म्हणून फियोनानं खेळायचा हट्ट धरला आणि कॅथरिन कशीबशी तयार झाली. हे कॅमेरा नेणारच नव्हते. जोसियानच म्हणाली, बाकीच्या मुलींचं शेवटचं वर्ष आहे, त्यांचे काढा. आम्ही दाराजवळच्या बाकावर बसलो. कॅथरिन समोरच्या बाजूला, मुद्दाम आमच्यापासून लांब.

दुसरा सेट चालू असताना एक माणूस येऊन ह्यांच्या शेजारी बसला. चाळिशीपुढचा, स्वच्छ दाढी केलेला, हातात टोपी. थोडा वेळ खेळ बघून तो मराठीत म्हणाला, "अंकल, विलास म्हणजे तुम्हीच ना? एवढा मोठा कॅमेरा बघून वाटलं. मी जेराल्ड."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या भुवया थेट फियोनाच्या होत्या.

"फोटो छान काढलात," तो म्हणाला. "जर्सीवर शाळेचं नाव वाचता आलं. माझी पोर किती मोठी झाली हो. मला माहीतच नव्हतं."

मी समोर बघितलं. कॅथरिननं त्याला पाहिलं होतं. ती उठून जोसियानकडे चालली होती, धावत नव्हती, धावली तर त्याचं लक्ष जाईल म्हणून. मैदानात फियोनाचा चेंडू हातातून निसटला होता आणि ती दाराकडे, म्हणजे आमच्याकडे, बघत उभी होती. जोसियाननं टाइमआउट घेतला.

जेराल्ड उठायला लागला. ह्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"बसा," ते म्हणाले. "माझ्याकडे आणखी आहेत. सबंध वर्षाचे. बघायचेत?"

तो बसला. कुठला बाप बसणार नाही? ह्यांनी कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला, पट्टा मात्र स्वतःच्या गळ्यात राहू दिला, आणि मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो सरकवू लागले. हे ऑक्टोबरातलं, ही डिसेंबरातली मॅच, इथे ती पडली होती. जेराल्ड वाकून बघत होता, डोळे बारीक करून.

"हिचा चेहरा कुठे आहे?"

"मागे. ही बघा."

"धूसर आहे."

"हो."

पुढचा. त्याच्या पुढचा. प्रत्येक फोटोत ऊर्मी लख्ख, आणि तिच्या खांद्यामागे नऊ नंबरचा एक निळा ढग.

"सगळे असेच?" त्यानं मान वर केली. "का?"

"तिच्या आईनं नको सांगितलं होतं."

"आणि तो एक?"

"तो मी काढायला नको होता. दुसऱ्याला द्यायला तर नकोच होता."

जेराल्डनं मैदानाकडे बघितलं. टाइमआउट संपला होता, मुली जागेवर उभ्या होत्या. नऊ नंबरच्या जागी दुसरी मुलगी होती. समोरचा बाक रिकामा होता.

"तुम्ही मला धरून ठेवलंत," तो म्हणाला.

"हो."

मला वाटलं आता हा मारतो. पण त्यानं टोपी तोंडावर धरली आणि तो पाठ वाकवून बसला. "मी फक्त बघायला आलो होतो," तो टोपीतून म्हणाला. "लांबून. शपथ." ते खरंही असेल. ते ठरवणं आमच्याकडे नव्हतं, आणि आधी जे आमच्याकडे होतं ते आम्ही नीट केलं नव्हतं. दोन पोलीस आले, त्यांनी त्याला फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत बाहेर यायला सांगितलं. तो गेला. जाताना त्यानं ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांनी कॅमेरा पिशवीत भरला. मॅच आम्ही हरलो.

कॅथरिन आणि फियोना त्याच आठवड्यात ब्रॉसार्ड सोडून गेल्या, शाळा संपायला दोन महिने असताना. अपार्टमेंटच्या खिडकीत मे महिन्यात दुसऱ्याच कुणाच्या कुंड्या दिसल्या.

जेराल्डवर त्या दिवशी काही गुन्हा लागला नाही, फक्त शाळेपासून लांब राहण्याचा हुकूम झाला. तो सस्काटूनलाच आहे. नाताळात त्यानं ह्यांना फोन केला, मुलीचा पत्ता माहीत आहे का म्हणून. हे नाही म्हणाले. आवाज दारू प्यायलेला नव्हता, म्हणाले, नुसता म्हातारा झालेला वाटला. दीनानाथांनी संपादकपद सोडलं. नव्या अंकात मुलांचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय येत नाही. तो नियम दीनानाथांनीच जाताना करून घेतला. जोसियान अजून त्याच शाळेत आहे. आमच्याशी रस्त्यात बोलते, थांबत नाही. कॅमेरा आणि दोन्ही लेन्स ह्यांनी शाळेच्या फोटो क्लबला दिल्या. देताना तिथल्या मुलांना लेन्सची माहिती सांगायला बोलावलं होतं, पण ते गेले नाहीत. सलोनी सासऱ्यांचा चहा अजूनही स्वतः करते. त्या रात्रीचं बोलणं मात्र दोघांपैकी कुणी मागे घेतलं नाही.

ऊर्मी आता कॉलेजला, म्हणजे इथल्या सेजेपला, गेली. तिथेही खेळते. आबांना मॅचची तारीख सांगते, आणि ते जातात, हात कोटाच्या खिशात घालून बसतात.

गेल्या महिन्यात जेवताना तिनं सांगितलं, की फियोनाचा मेसेज आला होता. कुठून ते तिनं सांगितलं नाही. "शी इज स्टिल प्लेइंग," एवढंच म्हणाली, "अँड हर मॉम इज ओके." ह्यांनी तोंड उघडलं, मला दिसलं. मग त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे आणखी वरण मागितलं.